व्याह्यांचा कागद

मलकापूर,
रविवार, १२ जून १९६६

प्रिय अक्का,

तुला, सासूबाईंना आणि भाऊजींना माझा नमस्कार. तुझ्या छबीचा ताप उतरला असेल अशी आशा करते. आमचं इथे बरं चाललं आहे म्हणायचं. उकाडा आहे, नळाला दिवसाआड पाणी येतं. रेशनला ती लाल मिलो ज्वारी आली म्हणून आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्याच भाकरी थापल्या आणि "खाऊन पाहा, मरत नाही कोणी" असं आम्हालाच ऐकवलं.

आता मुख्य गोष्ट. तुझे मामंजी गेल्या सोमवारपासून आपल्या टायपिंग क्लासला येऊ लागले आहेत. सुट्टीला तुमच्याकडे देऊळगाव राजाला आले की ते स्वतः हे सांगतील की नाही याची मला शंका आहे, म्हणून लिहिते. एक मेपासून सरकारी कारभार मराठीत गेला आणि त्यांच्या इथल्या कचेरीतल्या इंग्रजी टायपिस्टांना ऑक्टोबरात मराठी टंकलेखनाची परीक्षा द्यायला सांगितलं आहे. नापास होईल त्याला मशीनवरून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवणार. मामांची खुर्ची साहेबांच्या दाराशी आहे. मध्यप्रांत होता तेव्हापासून ती तिथेच आहे असं ते सांगतात. मग मध्यप्रदेश झाला, मुंबई राज्य झालं, महाराष्ट्र झाला, खुर्ची हलली नाही. ती आता हलेल याचं त्यांनी मनाला फार लावून घेतलं आहे.

बाबांना मराठी मशीन येत नाही. मी पुस्तक समोर ठेवून ते एकटीनं शिकले आणि अकोल्याला परीक्षा दिली, हे तुला ठाऊकच आहे. त्यामुळे सकाळचा हा कारकुनांचा वर्ग माझ्याकडे आला. तिघंच आहेत, सगळे बाबांच्या वयाच्या आसपासचे. निवृत्तीराव गप्प असतात आणि कळ दाबण्याआधी तिच्याकडे बघून मान हलवतात. फकीर मोहम्मद जकात नाक्यावरचे. उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना मराठी अक्षरं वाचायलाच वेळ लागतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मशीनकडे बघून सांगितलं, "बाई, हे तर आमचंच निघालं. गाडी उजवीकडून डावीकडे जाते." निवृत्तीरावसुद्धा हसले.

मामांना या दोघांबरोबर बसणं जमण्यासारखं नव्हतं. सुनेच्या धाकट्या बहिणीकडून शिकायचं, तेही लोकांसमोर. म्हणून बाबांनी त्यांचं मशीन माजघरात लावलं आहे. ते अंगणाच्या दारानं येतात. आई पाय धुवायला पाणी ठेवते, मग चांगल्या कपबशीतून चहा, मग सुपारी. तेवढ्यात पुढच्या खोलीत फकीर मोहम्मद यांचं अर्धं पान होतं.

त्यांना जड जातं, अक्का. हे मशीन अक्षर पुरं देत नाही. आधी अर्धं मारायचं, मग काना मारून ते पुरं करायचं. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी. मामा म्हणाले, "जे तोंडातून मागून येतं ते हातातून आधी कसं येईल?" मी म्हटलं, "सवयीनं येतं मामा." ते म्हणाले, "सवयी आम्ही साहेबाच्या काळात लावून घेतल्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पानावर लाल पेन्सिलीनं गोल केले. आपण शिकलो तेव्हा बाबा जसे करायचे तसे. मला ए-बी-सी-डीच्या आधी ए-एस-डी-एफ आलं ते त्या गोलांमुळेच. मामांनी पान पाहिलं, चष्मा काढला, टोपी घातली आणि चहा अर्धा टाकून गेले. बाबांनी मला आत बोलावलं.

"सिंधू, व्याह्याच्या कागदावर लाल करते का कोणी?"

"बाबा, ओळीओळीला चूक होती."

"असतीन. तू मनात मोज, दाखवू नको. आपली पोरगी त्यायच्या घरी हाय."

आता तूच सांग, चूक दाखवायची नाही तर शिकवायचं कसं? तू त्यांच्या घरात राहतेस. त्यांना कोणत्या रीतीनं सांगितलेलं चालतं ते कळव, म्हणजे मी तसं करीन.

तुझी,
सिंधू

---

मलकापूर,
रविवार, २१ ऑगस्ट १९६६

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. अनारसे नीट पोचले ना? बाबा ते भाऊजींच्या वाणाचं ताट मांडीवर घेऊनच बसमध्ये बसले होते, खाली ठेवायला तयार नव्हते. अधिक महिना संपला म्हणून आई सुटल्यासारखी झाली आहे. एक अनारसा तळताना फुटला तर तिनं तीन दिवस त्याचा विषय काढला.

तू लिहिलंस, "मामंजींना दुखवू नकोस. ते जसं करतील तसं करू दे. माझं इथलं सगळं तुझ्या हातात आहे." ती ओळ मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी एवढंच म्हटलं, "पाहा." तेव्हापासून मी लाल पेन्सिल पुढच्या खोलीतच ठेवते. फकीर मोहम्मद यांना ती लागतेच. त्यांच्या पानावर मी गोल केले की ते स्वतः पेन्सिल घेऊन राहिलेला एखादा गोल करतात. "बाई, हे तुमच्या नजरेतून सुटलं. माह्या हाताले सगळं समजते, डोक्याले नाही समजत."

मामांसाठी मी वेगळी रीत काढली आहे. त्यांचं पान झालं की तोच मजकूर मी शेजारच्या मशीनवर स्वच्छ टाइप करते आणि काही न बोलता त्यांच्या पानाजवळ ठेवते. दोन्ही ताडून पाहिली की चूक आपली आपल्याला दिसेल, कुणी दाखवायला नको. असं मला वाटलं. त्यांना ही रीत आवडली आहे. आता पान संपलं की ते नुसता हात पुढे करतात आणि मी माझं पान त्यांच्या हातात देते.

ते ताडून पाहतात की नाही, ते मी नक्की सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. परवा मी विहिरीवरून आले तर पुढच्या खोलीत कुणी इंग्रजी मशीन चालवत होतं. मला वाटलं बाबा. पण बाबांचा हात असा नाही. मी दाराआडून पाहिलं. मामा होते, एकटे. डोळे समोरच्या भिंतीवर, आणि दहाही बोटं चाललेली. घंटी होते आणि हात गाडी परत ढकलतो, त्यात कुठे थांबणं नाही. कागदसुद्धा लावलेला नव्हता, नुसत्या रुळावर टाइप करत होते. मी तशीच मागे फिरले आणि पायरीवर घागर घेऊन उभी राहिले, ते थांबेपर्यंत. आत आले तेव्हा ते म्हणाले, "अगं सिंधू, तू माझा हात पाहिला नाहीस कधी." मी म्हटलं, "नाही मामा." खोटं बोलले. पाहिला असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, हे ठरवता आलं नाही.

बाबांना आता दिवेलागणीनंतर दिसत नाही. क्लास किती दिवस चालेल कोण जाणे. मी बुलढाण्याला जाऊन नोकरीसाठी नाव नोंदवून आले आहे. पुढचं पुढे.

तू बरी आहेस का ते लिहीत नाहीस. फक्त सगळे बरे आहेत असं लिहितेस.

तुझी,
सिंधू

---

मलकापूर,
रविवार, २ ऑक्टोबर १९६६

प्रिय अक्का,

सर्वांना नमस्कार. आज बाकीची बातमी लिहीत नाही, कारण एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहायला मला भीती वाटते.

परीक्षा पुढच्या पंधरवड्यात, आपल्याच क्लासमध्ये होणार आहे. अकोल्याहून परीक्षक येतील. मामांचा हात तयार झालेला नाही. त्यांच्या पानात जूनमध्ये होत्या त्याच चुका आहेत. कचेरीत मात्र सगळे समजतात की त्यांना मराठी मशीन उत्तम येतं. ते तसं का समजतात ते मी इथे लिहीत नाही.

दुसरं. नोकरीसाठी नाव नोंदवलं तिथून मला विचारणा आली. इथल्या कचेरीत मराठी टंकलेखकाची जागा रिकामी झाली तर जाल का, म्हणून. तालुक्यात ती परीक्षा पास झालेली मी एकटीच आहे. जागा रिकामी कशी होईल ते तुला कळतं. मामा नापास झाले तर. म्हणजे ज्यांना मी रोज सकाळी शिकवते ते नापास होण्यात माझा फायदा आहे. मी बाबांना म्हटलं, मामांना आता मी शिकवू नये, दुसऱ्या कुणाकडे पाठवा.

बाबा म्हणाले, "अन् व्याह्याले सांगू काय? माही पोरगी तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून हाय?"

मी म्हटलं, "मग मला निदान चुका दाखवू द्या. अजून वेळ आहे."

"अक्काचं पत्र विसरली का?"

म्हणून तुला लिहिते. एक ओळ लिहून पाठव, की सिंधूला मामंजींच्या कागदावर खुणा करू द्या. भाऊजींना विचारून लिहिलंस तरी चालेल. तुझी ओळ आली की बाबा ऐकतील, आणि मामाही ऐकतील. माझं त्यांच्यावर काही चालत नाही. तुझं तरी थोडं चालत असेल.

मी विचारणेला अजून उत्तर दिलेलं नाही. हे तुझ्यापासून लपवून ठेवलं असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून आजच लिहिलं.

उत्तर लवकर पाठव.

तुझी,
सिंधू

---

मलकापूर,
रविवार, १८ डिसेंबर १९६६

अक्का,

हे पत्र तुझ्या हातात उघडलेलं येईल हे मला माहीत आहे. भाऊजी, तुम्ही आधी वाचत असाल तर नमस्कार, आणि पुरं वाचा. आतापर्यंत मी तुमच्या घराला दुखवायचं नाही म्हणून अर्ध्यावर थांबत आले. या वेळी थांबणार नाही.

मी दोन ऑक्टोबरला लिहिलं, त्याचं उत्तर पाचव्या दिवशी आलं. अक्षर तुझं होतं. मजकूर असा होता: "सदर बाबतीत तू काळजी करू नये. मामंजी आपल्या कामात अनुभवी असून त्यांना सूचना देण्याचे प्रयोजन नाही. नोकरीसंबंधी तुझ्या विचारांची नोंद घेतली आहे." अक्का, तू जन्मात कधी प्रयोजन म्हणाली आहेस का? बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पाहा, अक्कालेही पसंत नाही." मी त्यांना सांगितलं नाही की ही भाषा अक्काची नाही. सांगून त्यांचं काय झालं असतं? त्यांनी तुला त्या घरात दिलं आहे, त्यांना ती तुझीच भाषा वाटणं बरं.

मग मी मागची पत्रं काढून बसले. "माझं इथलं सगळं तुझ्या हातात आहे" ही ओळ तुझी होती की सांगून लिहवलेली, ते मला आता ठरवता येत नाही. तुझी असेल तर तुझ्यावर राग येतो. नसेल तर राग कुणावर धरायचा ते कळत नाही.

देऊळगाव राजात काय बोललं जातं ते बाबांच्या तोंडून ऐकलं. दिवाळीला ते तुला आणायला आले होते. त्यांना ओसरीवर बसवून चहा दिला आणि सूनबाईला यंदा जमायचं नाही असं सांगितलं. तू आतून बाहेर आली नाहीस. तुझ्या सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या धाकटीनं आमच्या यजमानांना मुद्दाम उलटं शिकवलं. नोकरीसाठी. तिनं स्वतःच्या हातानं लिहून कळवलं होतं की." बाबा संध्याकाळच्या गाडीनं परत आले. फराळाचा डबा तसाच होता. आईनं तो उघडला नाही, शेजारी देऊन टाकला.

तेव्हा आता काय झालं ते ऐक. मी सांगते तेवढंच झालं.

मी मामांसाठी स्वच्छ पान टाइप करून ठेवायची, हे लिहिलं होतं. ते ताडून पाहत नव्हते. स्वतःचं पान माजघरातच टाकून माझं पान घडी करून खिशात घालायचे आणि कचेरीत न्यायचे. साहेबांना दाखवायचे. पहिल्यांदा मला वाटलं चुकून गेलं असेल. मग ते रोजचं झालं. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "नेऊ दे. एक कागद नेल्यानं आपलं काय जाते?" आई त्यांची टाकलेली पानं चुलीत घालायची, म्हणजे मोलकरणीच्या हाती लागू नयेत. तुमच्या घरातही माझ्या पानांवर त्यांचं कौतुक झालं असेल. भाऊजी, तुम्ही ती पानं पाहिली असतील. ती सगळी माझी होती.

एक-दोन दिवस नाही, चार महिने मी हे केलं. शिकवणं म्हणायचं त्याला, आणि होता तो पाहुणचार. पाय धुवायला पाणी, चहा, सुपारी आणि एक स्वच्छ कागद.

परीक्षेच्या दिवशी मामांना पहिल्यांदा पुढच्या दारानं यावं लागलं. निवृत्तीरावांना हिवताप झाला होता, ते आले नाहीत. त्यांचं मशीन मामांच्या शेजारचं, तिथे प्रश्नाचा कागद आणि परीक्षकांची सही असलेला कोरा कागद तसाच पडला होता. मी दाराशी उभी होते, कुणाची रिबन अडकली तर सोडवायला. पहिला उतारा घड्याळ लावून होता. परीक्षक समोर बसले होते. मामा कसेबसे काठावर आले. मग दुसरा प्रश्न, कचेरीचं पत्र आणि एक तक्ता. त्याला वेळ पुष्कळ होता. बाबा परीक्षकांना म्हणाले, "साहेब, ओसरीवर चहा घेऊ," आणि जाता जाता माझ्याजवळ थांबले.

"निवृत्तीच्या मशीनवर बस. रिबन पाहून घे."

रिबन ठीक होती. बाबांना ते माहीत होतं, मलाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली आणि ओसरीवर गेले.

मी बसले, अक्का. हे तुला आणि सगळ्यांना कळलं पाहिजे. मी बसले आणि ते पत्र आणि तो तक्ता टाइप केला. परीक्षकांच्या सहीच्या कागदावर. बापानं सांगितलं म्हणून म्हण, तुझं नाव मनात होतं म्हणून म्हण. हात चालले. एक चूक झाली नाही. कागद काढला आणि हातात धरून उभी राहिले. फकीर मोहम्मद पलीकडे होते, त्यांनी मान वर केली नाही.

मामांचं पानही झालं होतं. त्यांनी ते मशीनमधून काढून बाजूला सारलं आणि हात पुढे केला.

माझ्याकडे न बघता. जेवताना पाणी मागायला पुढे करावा तसा. चार महिने रोज करत होते तसाच. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं की ही परीक्षा आहे, की ही मुलगी आता चोरी करते आहे आणि ती आपल्यासाठी करते आहे. एकदा जरी त्यांनी मान वळवली असती, डोळ्यांनी जरी म्हटलं असतं की सिंधू, वाचव, तरी मी तो कागद दिला असता. मग आयुष्यभर माझ्या मनाला लागून राहिलं असतं, पण दिला असता. त्यांनी मान वळवली नाही. हात तसाच होता, तळवा वर.

मी कागद घडी केला आणि आत चुलीत घातला. आई तिथे पोहे परतत होती. तिनं विचारलंही नाही.

परत आले तेव्हा हात अजून पुढेच होता. मग त्यांनी तो हळूहळू मागे घेतला आणि आपलं पान परत ओढून त्याच्याकडे बघत बसले. परीक्षक येईपर्यंत तसेच. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी आपल्या चुका पहिल्यांदा पाहिल्या.

सगळे गेल्यावर फकीर मोहम्मद चपला घालताना म्हणाले, "बाई, तुम्ही कागद दिला असता तर मी पाह्यलं नसतं. नाही दिला, तेही नाही पाह्यलं." निकालात ते पास झाले, मामा नापास. पेढे आणले होते. आईनं घेतले, बाबांनी खाल्ले नाहीत.

आता तू विचारशील, किंवा तुझ्या घरचे विचारतील, की त्या वेळी नोकरी मनात होती का. मी स्वतःला तेच विचारत आले आहे. कागद चुलीत घालताना नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तेव्हा पहिला विचार तोच आला, आणि मला आनंद झाला. तो आनंद मी खोडून काढायला पाहिला. निघत नाही. मला जो दोष द्यायचा तो याचा द्या. उलटं शिकवल्याचा देऊ नका. मी उलटं शिकवलं नाही, मला सुलट शिकवू दिलं नाही. आणि शिकवू न देणाऱ्यांत तू होतीस, मग ते शब्द तुझे असोत की नसोत. लेखणी तुझ्या हातात होती. एका ओळीत कोपऱ्यात कुठे तरी बारीक अक्षरात लिहिता आलं असतं, सिंधू, तुला योग्य वाटेल ते कर. मी त्या ओळीची वाट बघत होते.

हे लिहून माझं मन हलकं झालं असं नाही. वाईटच वाटतं आहे.

मला नेमणुकीचा हुकूम आला आहे. बाबा म्हणाले, "नाही म्हणून लिहून दे. अक्काचं घर हाय." मी मशीनवर बसले, तारीख घातली, महोदय असं लिहिलं. पुढे लिहिता येईना. बाबा मागे उभे होते. त्यांना आता कागद दिसत नाही, आवाजावरून ओळ ओळखतात. बऱ्याच वेळानं म्हणाले, "काऊन थांबली?" मी म्हटलं, "बाबा, मी जाणार आहे." ते खाटेवर जाऊन बसले. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण काल आईला सांगताना ऐकलं, पोरीले एक बरं लुगडं घे, कचेरीत जाऊन राह्यली.

मी उद्या हजर होते आहे. खुर्ची साहेबांच्या दाराशीच आहे. मामा समोर आवक-जावकच्या टेबलाशी बसतात, म्हणजे दिवसभर आम्ही एकमेकांना दिसणार. मी त्यांना रोज नमस्कार करीन. त्यांनी घेतला नाही तरी करीन.

माझी नेमणूक हंगामी आहे. मार्चमध्ये पुन्हा परीक्षा होईल, आणि मामा पास झाले तर ही खुर्ची त्यांना परत द्यायची असं हुकुमात स्पष्ट आहे. तरी मी शिकवायला तयार आहे. कचेरीच्या आधी, सकाळी. पण त्यांनी पुढच्या दारानं यावं, फकीर मोहम्मद बसायचे त्या मशीनवर बसावं, आणि त्यांचं पान मी तपासीन तसं तपासू द्यावं. चहा मिळेल, सगळ्यांना मिळतो त्या पेल्यात. भाऊजी, हे त्यांना तुम्ही सांगायचं आहे. अक्काला सांगायला लावू नका, आणि अक्काकडून लिहवून घेऊ नका.

ते आले तर मी त्यांना मन लावून शिकवीन, आणि शिकले तर मार्चनंतर पुन्हा बाबांच्या क्लासमध्ये बसेन. मग लोक म्हणतील, आता सुधारली. आले नाहीत तर म्हणतील, हिनं घेतलं. दोन्ही मला ऐकू येतं आहे, आतापासून.

अक्का, तुला सांगायचं आणखी पुष्कळ आहे, पण ते या घडीत घालून पाठवता येत नाही. छबीला जपा. तुला बरं नसेल तर कुणाच्या तोंडी एवढं तरी कळव की बरं नाही.

पत्राच्या खाली "तुझी" लिहायची मला लहानपणापासून सवय आहे. या वेळी ती जागा मोकळी ठेवते आहे. तो शब्द तिथे घालायचा की नाही, ते तू ठरव, तुझं तू.

सिंधू